एका हाताचे केस

आमच्या घराण्यात भांडायला विषय कमी पडला असं कधी झालेलं नाही. दुकानावरून भांडून झालं होतं, आजोबांच्या कपाटावरून झालं होतं, आणि कपाट रिकामं निघाल्यावर रिकाम्या कपाटावरूनही झालं होतं. राहता राहिले होते बारकीचे केस. त्या रविवारी तेही उरकलं.

बारकी म्हणजे धाकट्याची मुलगी. वय सोळा, उंची बेताची, आणि केस गुडघ्याला टेकायला चार बोटं कमी. दहाव्या वर्षापासून तिने त्यांना कात्री लागू दिली नव्हती, आणि आता ते सगळे ती रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डाला देणार होती. हे तिने जाहीर केलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्यांच्या डोळ्यांत पाण्याबरोबर आणखीही काहीतरी चमकून गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी निमंत्रणपत्रिका छापायला टाकल्या.

थोरले म्हणजे तिचे काका. आजोबांचं दुकान टोपांचं होतं. नाटकवाल्यांना आणि लाजत लाजत येणाऱ्या टकल्यांना ते टोप करून देत. थोरल्यांनी त्या दुकानाचं सलून केलं, वीस वर्षांत सलूनच्या तीन शाखा केल्या आणि मग टोपांचं काम मागच्या खोलीत ढकललं. त्या कामाबरोबर त्यांची बहीण, म्हणजे बारकीची आत्याही, मागे गेली, कारण ते काम आता तिच्याशिवाय कोणालाच येत नव्हतं. ‘केसानं गळा कापला माझा,’ असं ती तेव्हा म्हणाली होती. टोप करणाऱ्या बाईने असं म्हटल्यावर सगळ्यांना हसू फुटलं आणि हसणाऱ्यांत थोरलेही होते. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ही भावंडं एकमेकांशी बोललेली नाहीत. म्हणजे बोलतात, रोज बोलतात, पण मध्ये कोणाला तरी उभं करून.

मध्ये उभं राहायचं काम धाकट्याचं. तो टपालखात्यात नोकरीला, त्यामुळे निरोप्याचं काम आपसूक त्याच्याकडे आलं, असं थोरल्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं म्हणणं. फरक एवढाच, की टपालखात्यात पत्र फोडून, सुधारून मग पोचवायची पद्धत नाही. आत्याने म्हणावं, ‘त्याला सांग, डोळे फुटले नसतील तर माझ्या खोलीचं छत बघ.’ धाकट्याने सांगावं, ‘ताई म्हणते, सवडीनं छताकडे बघितलंस तर बरं.’ थोरले अर्थातच सवडीने बघत. छत अजून गळतंय.

तर निमंत्रणं गेली. मुलांच्या वॉर्डासाठी निधी जमवायचा, आणि जो सगळ्यांत जास्त देईल त्याला बारकीची वेणी कापायचा मान, असं ठरलं. कल्पना थोरल्यांची. तिच्यात एकच खोट होती, की मान एक आणि मानकरी दोन. वहिनींचा भाऊ दंतवैद्य, त्याने एक आकडा सांगितला. सलूनची जागा ज्यांची, त्या घरमालकांनी त्याच्या वरचा सांगितला. दंतवैद्याने मग बहिणीला फोन करून विचारलं, की माहेरच्या माणसाची या घरात किंमत किती. घरमालकांनी फोन केला नाही. त्यांनी नुसती भाडेकराराची आठवण काढली.

मार्ग वहिनींनी काढला. वेणी एक असते म्हणून मान एक होतो. केस मोकळे सोडून त्यांच्या बारा बटा केल्या तर मान बारा होतील, देणगीदार बारा होतील आणि कोणी रुसणारही नाही. थोरल्यांनी बायकोकडे कौतुकाने पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर असं पाहायचा प्रसंग रोज येत नाही.

बारकीची आई नेमकी बदलीच्या गावी होती, म्हणूनच हे सगळं इतकं सुरळीत पार पडलं.

खुद्द बारकीला या मानपानाचं काही पडलेलं नव्हतं. दर गुरुवारी ती आत्याबरोबर वॉर्डात जायची, टेपचं एक टोक धरायला. टोप करायचा तर आधी डोकं मोजावं लागतं. तिथे आठ वर्षांची एक मुलगी होती, जिला नर्सबायकासुद्धा मुकादम म्हणत, कारण सलाईन कधी लावायचं आणि कोणी लावायचं हे तीच ठरवायची. डोक्यावर एक केस नव्हता, आणि जिभेला हाडही नव्हतं. आत्याने तिला टोपाचे तीन नमुने दाखवले तेव्हा तिने तिन्ही परत केले होते. शाळेत सगळ्यांनी तिला कंबरेपर्यंतच्या केसांत पाहिलं होतं. त्या रविवारनंतर आठ आठवड्यांनी शाळा उघडणार होती. कंबरेपर्यंत केस मिळाले तर ती शाळेत जाणार, नाहीतर नाही जाणार, आणि यावर चर्चा नको, असं तिने सांगून टाकलं होतं. बारकीने तिथल्या तिथे शब्द दिला. आत्यानेही मान डोलावली. जाळीवर एकेक केस सुईने गाठवायला सहा आठवडे लागतात. वेळ पुरणार होता.

शनिवारी धाकटा बारा बटांची बातमी घेऊन मागच्या खोलीत गेला. आत्याने हातातली जाळी खाली ठेवली.

‘त्याला सांग, मला एका हाताचे केस हवेत,’ ती म्हणाली. ‘एका हातानं कापा, नाहीतर कापू नका.’

आता हे आजोबांच्या दुकानातलं बोलणं. केसाला मूळ असतं आणि टोक असतं. सगळी मुळं एका बाजूला धरून, दोऱ्याने घट्ट बांधून, बांधलेल्याच्या वर एकाच माणसाने कापलेला जुडगा म्हणजे ‘एक हात’. अशा केसांचाच टोप होतो. मुळं-टोकं उलटसुलट झालेले केस जाळीवर चढवले तर दोन तासांत डोक्यावर घरटं तयार होतं. हे त्या दुकानात वाढलेल्या प्रत्येकाला कळत होतं. धाकटा तेवढा त्यात वाढला नव्हता. लहानपणी त्याला केसांची शिंक यायची म्हणून तो मामाकडे वाढला. त्याने निरोप ऐकला, त्यातलं ‘नाहीतर कापू नका’ कडू वाटलं म्हणून काढून टाकलं आणि थोरल्यांना सांगितलं, ‘ताई म्हणते, एका हातानं कापा.’

थोरले क्षणभर थांबले. कुठेतरी, कधीतरी हे ऐकलं होतं असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, की किती छान सुचलं वन्संना, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि एका हाताने कापायचं, फोटोत फार रुबाबदार दिसेल. आणि थोरल्यांना मनापासून आनंद झाला. अकरा वर्षांत बहिणीने पहिल्यांदा त्यांच्या कार्यक्रमाला हातभार लावला होता, निदान एका हाताचा. त्यांनी धाकट्याबरोबर आभार कळवले. आत्याला त्या आभारांचं नवल वाटलं, पण म्हातारपणी माणसाला अक्कल येते असंही ती ऐकून होती.

रविवारी चारला सलूनमधल्या खुर्च्या भिंतीला लागल्या. मधोमध एकच खुर्ची, तिच्यावर बारकी, पाठीवर मोकळे सोडलेले केस जमिनीला टेकलेले. समोर पाहुणे, केक, थंड पेयं आणि फोटोग्राफर. आत्या मागच्या खोलीत दोरा आणि कापड घेऊन तयार बसली होती. बांधायला तिला बोलावणार, हे तिने गृहीत धरलं होतं. आपण बोलावलं नाही तरी ती येणार, हे थोरल्यांनी गृहीत धरलं होतं. दोघंही एकाच बापाची.

थोरल्यांनी भाषण केलं. आजारी मुलांबद्दल दोन मिनिटं आणि सलूनच्या चौथ्या शाखेबद्दल सात. मग पहिला मान घरमालकांचा. त्यांनी डावा हात पाठीशी नेला, छाती काढली आणि उजव्या हाताने कात्री चालवली. बट धरायला हातच नव्हता. ती सळ्ळकन फरशीवर पडली आणि पसरली. टाळ्या झाल्या.

दुसरा दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात दोन्ही हात घालून कमावलेला माणूस. एका हाताने त्याला काय जमणार. कान कापला जाईल या भीतीने त्याने पाठीच्या मध्यावर कात्री मारली, निम्मी बट पडली, निम्मी लोंबकळत राहिली. फोटोग्राफरला फोटो चुकल्यासारखा वाटला, म्हणून त्याने पडलेले केस मूठभर उचलून वर उधळायला सांगितले. पाहुण्यांच्या लहान मुलांनी ते काम आवडीने केलं.

बारकीची मान खाली होती. समोर तिला फक्त स्वतःची बोटं दिसत होती. आत्या मागे बसून बांधतेय, वडिलांनी सगळं सांगितलेलं आहे, असं समजून ती गप्प राहिली. पायाशी केस पडतायत हे तिला चौथ्या कात्रीला कळलं. तिने मान वळवायचा प्रयत्न केला तर वहिनींनी हलक्या हाताने ती परत सरळ केली आणि कानात सांगितलं, की हलू नकोस बाळा, फोटो चाललाय.

आत्याला ते आवाजावरून कळलं. कात्रीचा एकच जाड आवाज यायला हवा होता. पहिला बारीक आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याला ती उठून दारापर्यंत आली. दाराच्या काचेतून तिने फरशी पाहिली. तिथून खुर्ची वीस पावलं. एक हाक मारली असती तर नऊ बटा वाचल्या असत्या. पण सलूनमध्ये अकरा वर्षांत ती बोलावल्याशिवाय गेली नव्हती, आणि बोलावणं आलं नव्हतं. ती उभी राहिली. चौथी. पाचवी. सहावी. पुढे ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती, तरीही तेव्हा मात्र तिचा पाय उंबऱ्याच्या बाहेर पडला नाही. सातव्या कात्रीला तिने दार उघडलं, आणि तिथेही तिने काय केलं? धाकट्याला खूण करून जवळ बोलावलं.

‘त्याला म्हणावं, थांब.’

धाकटा गर्दीतून वाट काढत थोरल्यांपाशी गेला. एवढ्या पाहुण्यांत मोठ्या भावाला थांब कसं म्हणायचं? तो म्हणाला, ‘ताई म्हणते, जरा दमानं.’

थोरल्यांनी बहिणीकडे पाहून मान लववली आणि उरलेल्या पाच बटा दमाने कापून घेतल्या.

शेवटच्या टाळ्या संपल्यावर आत्या पुढे आली आणि केसांच्या राशीपाशी गुडघ्यांवर बसली. वहिनींनी डोळे टिपले. फोटोग्राफरने फोटो काढला. तोच पुढे पेपरात छापून आला, ‘भारावलेल्या आत्या’ अशा ओळीखाली. आत्या मूठ मूठ केस उचलून बघत होती. बारा बटांतल्या तीनच पुऱ्या लांबीच्या होत्या, बाकीच्या वाटेल तिथे कापलेल्या, आणि सगळ्यांची मुळं-टोकं एकमेकांत गेलेली.

बारकी खुर्चीवरून उतरली. डोक्यावर बारा उंचीचे बारा झुबके. तिने खाली पाहिलं, मग आत्याकडे, मग वडिलांकडे.

‘बाबा, तुम्ही नेमकं काय सांगितलंत काकांना?’

धाकट्याने सांगितलं. एका हाताने, असं सांगितलं. आत्याने डोळे मिटले. थोरल्यांच्या हातात सरबताचा पेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवायला घेतला आणि टेबल सापडेना. एक हात. नऊ वर्षांचे असताना त्यांनीच बापासमोर बसून पहिला एक हात बांधला होता, आणि सैल बांधला म्हणून डोक्यात टपली खाल्ली होती. सगळं आठवलं, अगदी वेळेवर, म्हणजे बाराव्या बटेनंतर.

निधी भरघोस जमला होता, हेही इथे सांगायला हवं. वॉर्डातल्या एका जुन्या यंत्राच्या जागी नवं येण्याइतका. दंतवैद्याने तेच बोलून दाखवलं: पैसे तर जमले ना, मग केसांचं एवढं काय, बाजारात तयार विग मिळतात. मग त्याने केक घेतला.

आत्याने धाकट्याला हाक मारली. आवाज चढवला नाही, पण सगळे तिच्याकडे वळले.

‘त्याला सांग, बापाच्या दुकानात जन्माला येऊन तुला एक हात कळला नाही. त्या पोरीला कंबरेपर्यंत केस मिळणार नाहीत. उद्या वॉर्डात यायचं आणि हे तिला तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं.’

थोरले चार पावलांवर उभे होते. शब्दन् शब्द त्यांना ऐकू गेला होता. तरी धाकटा वळला, भावासमोर गेला आणि एकही अक्षर न वगळता सगळं पुन्हा म्हणाला. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदा पत्र न फोडता पोचवलं. मग स्वतःच्या पदरचं एकच वाक्य घातलं: ‘दादा, मला त्याचा अर्थ कळला नव्हता, तरी मी विचारलं नाही.’ आणि तो फरशीवर बसून केस गोळा करायला लागला. त्याला लगेच शिंका सुरू झाल्या.

सोमवारी तिघं वॉर्डात गेली. आत्या खिडकीशी, थोरले दाराशी, मध्ये बारकी. तिचे केस आता मुलासारखे कापलेले होते. ते काम आदल्या संध्याकाळी आत्याने केलं होतं, दोन्ही हातांनी. मुकादम उशीला टेकून बसली होती. तिने बारकीचं डोकं तपासलं आणि बरं दिसतंय असा शेरा मारला.

‘आणि हे कोण?’

आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. बारकी सांगणार तेवढ्यात थोरले पुढे झाले. तीन शाखांची उद्घाटनं केलेला माणूस, पण इथे त्यांनी प्रस्तावना केली नाही.

‘मी हिचा काका, सलून माझंच. तुझे केस कंबरेपर्यंत होणार नाहीत,’ ते म्हणाले. ‘खांद्याच्या थोडे खाली येतील. कापताना चूक झाली.’

‘कोणाची?’

रात्रभर जमवलेली यादी थोरल्यांपाशी तयार होती. तिच्यात धाकटा होता, दंतवैद्य होता, फोटोग्राफर होता, वहिनीसुद्धा होत्या. ती त्यांनी काढली नाही.

‘माझी.’

‘तुमचं केस कापायचंच दुकान आहे ना?’

‘हो.’

‘किती वर्षं?’

‘एकतीस.’

आमच्या घरात माणसाचा इतका पाणउतारा करायचा तर दोन दिवस आणि सहा नातेवाईक लागतात. मग मात्र मुकादम मुकादम राहिली नाही, नुसती आठ वर्षांची मुलगी झाली. रडू आलं की ती पांघरूण तोंडावर ओढते हे बारकीला माहीत होतं. तसंच तिने ओढलं. बारकी पलंगावर बसली, तिच्या पायाला धरून. थोरले तिथेच उभे राहिले. जावंसं त्यांना फार वाटलं, पण गेले नाहीत.

‘माझीपण चूक आहे,’ आत्या पांघरुणाला म्हणाली. ‘मी दारात उभी होते. मला थांबवता आलं असतं.’

मग पांघरुणातून आवाज आला, की खांद्याच्या खाली म्हणजे वेणी येते का. आत्या म्हणाली, येते. दोन? दोन येतील. शाळेच्या आधी? यावर आत्या मनात हिशोब करायला लागली. सगळी मुळं-टोकं निवडायला हवी होती, एकेक केस बोटांत चोळून, आणि त्यानंतर गाठवायचे सहा आठवडे होतेच.

थोरले बारकीकडे वळले. ‘आत्याला विचार, निवडायला किती दिवस लागतील.’

बारकीने तोंड उघडलं, पण त्याआधी पांघरूण खाली आलं. मुकादमने डोळे पुसले आणि आधी थोरल्यांकडे, मग आत्याकडे नीट पाहिलं.

‘त्या इथेच तर आहेत,’ ती म्हणाली. ‘त्यांना ऐकायला येत नाही का?’

बारकीने उघडलेलं तोंड मिटून घेतलं. शेजारच्या पलंगावरचं मूलही खेळायचं थांबून बघायला लागलं. थोरले आत्याकडे बघत होते आणि आत्या आपल्या हातातल्या टेपकडे.

‘एक महिना,’ आत्या शेवटी म्हणाली. ‘एकटीनं केलं तर. मग शाळा उघडून जाईल.’

‘आणि दोघांनी केलं तर?’ थोरल्यांनी विचारलं.

आत्याने मान वर करून भावाकडे पाहिलं. अकरा वर्षांत तो बराच म्हातारा झाला होता, आणि हे तिला कोणीच कळवलं नव्हतं.

‘दोन आठवडे,’ ती म्हणाली. ‘उद्या सकाळी सातला ये. चष्मा आण.’